फळ्यावर न बसणारं धनुष्य

सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मी बोलत नाही. आधी प्रार्थना, मग जप, मग कामाला हात; तोंड मात्र बंद. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. इतक्या वर्षांत दोनदाच मोडला. एकदा मुलगी जिन्यावरून गडगडली तेव्हा, आणि एकदा ह्यांनी वार्निशच्या उघड्या डब्याशेजारी काडी ओढली तेव्हा. घरात सगळ्यांना सवय झाली आहे. हे म्हणतात, "नऊपर्यंत या घरात माझंच चालतं." त्यावर सासूबाई म्हणतात, "तोपर्यंत तू झोपलेला असतोस."

थोरल्या भाऊजींनी मात्र माझ्या नेमाचा वेगळाच उपयोग शोधून काढला होता. मला पटणार नाही असं काही काम असलं की ते साडेआठला येऊन सांगायचे. मी गप्प. दुपारी कुरकुर केली की म्हणायचे, "सकाळी सांगितलं तेव्हा तर काही बोलली नाहीस."

लाकडी धनुष्यं बनवणं हा आमच्या घरचा धंदा. कारखाना म्हणजे घराच्या मागची लांबट खोली. एका भिंतीला वाळत ठेवलेल्या लाकडाच्या दांड्या, दुसऱ्या भिंतीला लाकूड आवळून धरायचा वाइस बसवलेलं टेबल, आणि शेवटी खिडकीच्या उजेडात खांब. सासूबाई खिडकीशी बसून मुठींना चामड्याची पट्टी गुंडाळतात. हे दोऱ्या वळतात, बाण जुळवतात आणि बडबड करतात. भाऊजी लाकूड निवडतात, गिऱ्हाईक सांभाळतात, आणि धनुष्य तयार झालं की मुठीखाली तापल्या लोखंडाने आपला शिक्का उठवतात. वाक बसवते मी.

वाक बसवणं म्हणजे काय, ते सांगते. धनुष्य ओढलं की मुठीच्या वरची भुजा आणि खालची भुजा, दोन्ही सारख्या वाकायला हव्यात, आणि प्रत्येक भुजेने मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे आपापल्या वाट्याचं वाकायला हवं. एखादी जागा ताठ राहिली की तिचं काम शेजारच्या जागेवर पडतं, ती जास्त वाकते, आणि एक दिवस मोडते. एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला हे फार समजावून सांगावं लागत नाही. म्हणून धनुष्य खांबाच्या डोक्यावर आडवं ठेवायचं, पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू, वर आणि पोट, म्हणजे ओढणाऱ्याकडची बाजू, खाली. दोरीला आकडा लावून कप्पीने खाली ओढायचं आणि चार पावलं मागे जाऊन बघायचं. ताठ दिसेल तिथे पोटावर पेन्सिलीची रेघ मारायची, उतरवायचं, पोलादी पात्याने तेवढ्याच जागेचं केसाएवढं लाकूड खरवडायचं. परत चढवून तीस वेळा हलकेच ओढायचं, म्हणजे आपल्यातून काही गेलं हे लाकडाला कळतं. मग पुन्हा बघायचं. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, त्यामुळे या कामात हात चालवण्यापेक्षा आवरण्यालाच जास्त वेळ जातो.

नऊ वर्षं मी हे करत होते. हात माझा, शिक्का भाऊजींचा. आमच्या धनुष्यांचा वाक चांगला असतो असं तिरंदाज बोलायचे, आणि भाऊजी दारात उभे राहून "अनुभव आहे" म्हणायचे.

मला माझा शिक्का हवा होता. मोठेपणासाठी म्हणा, हट्ट म्हणा. देवापुढे बसून मी मनाला नीट विचारलं, तेव्हाही उत्तर हेच आलं.

शिक्का देतो तिरंदाजांचा संघ. अट साधी आहे. एका अखंड दांडीतून स्वतः घडवलेलं एक धनुष्य परीक्षकापुढे ठेवायचं. पास झालं तर स्वतःचा शिक्का, नापास झालं तर तीन वर्षं त्या दारात उभं राहायचं नाही.

मी भाऊजींकडे लाकूड मागितलं.

"एका घरात दोन शिक्के कशाला?" ते म्हणाले.

"एका घरात दोन मुलगे चालले की," सासूबाई पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. "एक तर नुसता बडबड्या निघाला, तरी ठेवला."

हे म्हणाले, "आई, मी इथेच बसलोय."

भाऊजींनी मग जळणाच्या ढिगातून एक दांडी ओढून माझ्यापुढे टाकली. "ही घे. सरळ दांड्या गिऱ्हाइकांच्या आहेत."

दांडी बघून हे म्हणाले, "दादा, हे लाकूड आहे की नदी?"

खरंच तशी होती. खालची बाजू बरी, पण वरच्या भुजेच्या मधोमध पाठीवर वीतभर लांबीचा खळगा. झाड वाढताना तिथे कशाला तरी अडलं असावं आणि वळसा घालून पुढे गेलं असावं. खळगा पाठीवर, म्हणून पोटावर त्याच जागी उंचवटा. मी दांडी उचलली, टोकाला वाजवून बघितली. आवाज खणखणीत होता. मी म्हटलं, "चालेल."

भाऊजींना वाटलं होतं मी रडेन.

पाठ काढायला पाच दिवस गेले. धनुष्याच्या पाठीवर झाडाच्या एकाच वर्षाचं वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवावं लागतं. ते कुठे कापलं गेलं की चीर तिथूनच सुरू होते. त्यामुळे खळगा आहे म्हणून पाठ सपाट करता येत नाही. वलयाबरोबर खळग्यात उतरायचं आणि वलयाबरोबर बाहेर यायचं. दोन मुठींची सुरी नुसती सरकवत मी त्या खळग्यात किती वेळा उतरले असेन, त्याचा हिशोब नाही. मग पोटाकडून जाडी काढली, टोकांना खाचा पाडल्या, लांब दोरी लावली आणि धनुष्य खांबावर चढवलं.

खांबामागे भिंतीला संघाने दिलेला फळा आहे. काळ्या फळ्यावर पांढऱ्या रेषांनी वाकाची कमान रंगवलेली. धनुष्य ओढलं की भुजा दोन रेषांच्या मधून गेली पाहिजे. नऊ वर्षांत माझं आणि त्या फळ्याचं कधी वाजलं नव्हतं, कारण आजवर सगळ्या दांड्या सरळ होत्या.

या वेळी खालची भुजा रेषांत बसली. वरची मात्र मुठीपासून छान निघाली आणि खळग्याच्या जागी सरळसोट झाली, जणू तिथे पट्टी बांधली आहे. टोकाकडे पुन्हा वाकली. रेषेच्या बाहेर बोटभर.

माझाही हात आधी तिकडेच गेला, खोटं कशाला बोलू. पेन्सिलीने रेघ मारली, पातं उचललं. लाकडावर टेकवण्याआधी सवयीने अंगठा आणि तर्जनीत भुजा धरून जाडी चाचपली. खळग्यात जेवढी, त्याच्या अलीकडे तेवढीच, पलीकडेही तेवढीच. मग ही जागा ताठ कशी?

पातं खाली ठेवलं. दोन दिवस नुसती बघत राहिले.

तेव्हा आई आठवली. ती बालदवाखान्यात कामाला होती, दिवसभर तान्ही बाळं वजनकाट्यावर ठेवायची. नव्या नव्या आया शेजारच्या बाळाचा आकडा बघून कासावीस व्हायच्या. आई सगळ्यांना एकच सांगायची, "अगं, किती भरलं ते नको बघूस. गेल्या वेळेपेक्षा किती वाढलं ते बघ. तुझं मुळात लहान जन्मलंय."

माझी ही जागाही मुळात उलटी जन्मली होती. बाकीची भुजा शून्यावरून वाकायला लागली, ही शून्याच्या मागून. सगळ्यांइतकीच वाकून ती बिचारी नुसती सरळ झाली होती. फळा बघत होता कुठे पोचली ते. किती चालली, ते तो बघत नव्हता. रेषेत बसावी म्हणून ती खरवडली असती, तर तिला सगळ्यांपेक्षा दुप्पट वाकावं लागलं असतं. फळा खूश झाला असता, आणि चार-पाचशे बाणांनंतर धनुष्य बरोबर त्या जागी मोडलं असतं.

नुसतं वाटून भागत नाही, मोजायला हवं. मी लाकडाचा वीतभर ठोकळा घेतला, दोन टोकांना दोन पाय ठेवले, मधोमध वरखाली सरकणारा खिळा आणि बाजूला मिलिमीटरची पट्टी. ठोकळ्याचे पाय पोटावर टेकवायचे, खिळा लाकडाला लागेपर्यंत सरकवायचा, आकडा वाचायचा. वरच्या भुजेवर सहा खुणा केल्या. आधी मोकळ्या धनुष्यावर वाचलं, मग अर्ध्या ताणावर. सरळ जागी शून्याचे तीन झाले होते. खळग्याच्या जागी उणे दोनचा एक. फरक सगळीकडे तीन. एका खुणेवर साडेतीन आले, टोकाकडच्या. तिच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरवडून दोन दिवसांत तीही सव्वातीनवर आणली. खळग्याला हात लावला नाही.

मग पूर्ण ताणापर्यंत आणलं. ओढायला लागणारा जोर काट्यावर अठरा किलो, जेवढा हवा होता तेवढाच. ओढताना कुठे करकर नाही, अडखळणं नाही. पण फळ्यापुढे ते तसंच दिसायचं, कुबड आल्यासारखं.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा भाऊजी खांबापाशी येऊन उभे राहिले. खूप वेळ बघितलं. मनापासूनच बोलले, ते मला आजही मान्य आहे.

"वर ताठ आहे. खरवड."

"ताठ नाही भाऊजी. उलट जन्मलीय." मी ठोकळा दाखवला, आकडे दाखवले.

त्यांनी ऐकून घेतलं. ते मूर्ख नाहीत. कानशिलावर बोट घासत म्हणाले, "बरं. धरून चालू की तुझं बरोबर आहे. पण परीक्षक कोण आहे, माहितीय ना? फूटपट्टी."

संघाच्या परीक्षकांना सगळे फूटपट्टी म्हणतात. खिशात कायम पोलादी पट्टी असते म्हणून, आणि स्वभाव तिच्याचसारखा म्हणून.

"तो तुझा ठोकळा बघणार नाही. तो फळा बघणार. दोन केस काढ, रेषेत बसेल. शिक्का हातात आला की हे भिंतीला टांग, कोणाला विकू नकोस आणि दुसरं बनव. कोण बघतंय?"

हे वाक्य दुपारभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं. कारण सल्ला व्यवहाराचा होता, आणि शिक्का मला खरोखर हवा होता. दोन केस. पात्याचे चार हलके फटकारे. माझा दिवस ज्याच्या नावाने सुरू होतो तो बघतो, असा माझा विश्वास आहे. पण ते मी भाऊजींना सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांच्या टेबलापाशी जाऊन एवढंच म्हटलं, "भाऊजी, मी बघतेय."

"काय?"

"तुम्ही विचारलंत ना, कोण बघतंय. मी बघतेय. मी नाही खरवडणार."

"मग नापास हो."

"होईन."

हे रात्री जेवताना म्हणाले, "अगं, जरा आवाज तरी चढव. तू असं हळू बोलतेस आणि दादाचं डोकं जास्तच तापतं."

"हिने आवाज चढवला तर घर पडेल," सासूबाई म्हणाल्या. "भाजी घे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी जप आटोपून कारखान्यात आले, तर धनुष्य वाइसमध्ये पोट वर करून आवळलेलं. भाऊजी उजव्या हातात पातं घेऊन उभे. घड्याळात साडेआठ.

"तुझ्या भल्यासाठी करतोय," ते म्हणाले. "घराचं नाव जातं. उद्या लोक म्हणतील, यांच्याकडचं धनुष्य नापास झालं. चार फटकारे मारतो, उद्या पास होशील, परवा मला शिव्या दे. चालेल ना?"

त्यांनी थोडा वेळ दिला. दरवेळी देतात तेवढाच. मग मान डोलावली, जणू मी हो म्हटलं, आणि पातं उंचवट्याकडे नेलं.

मी पुढे होऊन त्या जागेवर हात ठेवला. तळहात खाली, बोटं पसरून.

"हात काढ."

मी हलले नाही.

"अगं, लागेल!"

पातं माझ्या करंगळीला टेकलं होतं. भाऊजींनी ते चटकन मागे घेतलं, पण कोपरा लागलाच. बारीक रेघ उमटली, तिच्यातून रक्ताचे दोन-तीन थेंब आले. भाऊजींचा चेहरा उतरला, आणि उतरला म्हणूनच ते जास्त चिडले.

"बोल ना काहीतरी! तोंडात काय धरून बसलीस? साधं नाही म्हणता येत नाही तुला?"

हे आतून अंथरुणातून उठून तसेच धावत आले. बघितलं. माझ्याकडे, मग भावाकडे. आयुष्यभर त्यांनी भावापुढे विनोद सोडून दुसरं काही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दादा," ते म्हणाले, "पातं ठेव."

"तू मध्ये पडू नकोस, धाकट्या."

"तिचं बोट कापलंय. पातं ठेव."

भाऊजींनी पातं टेबलावर आपटलं. पण तिथून गेले नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "ठीक आहे. कधीतरी हात उचलशीलच."

मी उभी होते. मनात जप चालू केला, कारण हात स्थिर ठेवायला तो बरा पडतो. तळव्याखाली लाकूड गरम होत गेलं. खिडकीशी बसलेल्या सासूबाईंनी चिंधी फेकली, ती ह्यांनी माझ्या करंगळीला गुंडाळली, हात न उचलता, खालून सरकवून. दारात कोणी गिऱ्हाईक आलं. भाऊजी उठले, त्याच्याशी दोन मिनिटं बोलले, वळून वळून माझ्याकडे बघत, आणि परत येऊन बसले.

"आई, किती वाजले?" ह्यांनी विचारलं.

"नऊला सात कमी," सासूबाई म्हणाल्या. "थोरल्या, तुला काय सांगायचंय ते सांगून घे. नंतर तिची पाळी."

भाऊजींनी हाताची घडी घातली. आम्ही चौघंही घड्याळाकडे बघत राहिलो. एखाद्या गाडीची वाट बघावी तसं.

नऊ वाजले.

मी म्हटलं, "भाऊजी, नऊ वर्षं तुम्ही माझ्या गप्प राहण्याला हो समजलात. चूक माझीही आहे, मी दुपारी आठवणीने नाही म्हणायला हवं होतं. आता म्हणते. नाही. हे धनुष्य माझ्या नावाने उभं राहणार आहे. पास झालं तर माझं, नापास झालं तर माझं. त्याला तुमचं पातं लागायचं नाही. आणि यापुढे मला काही सांगायचं असेल तर नऊनंतर सांगा."

मग वाइस सैल केला, धनुष्य काढलं, आणि परीक्षेपर्यंत माझ्या खोलीत ठेवलं. करंगळीची जखम तशी काही नव्हती. दोन दिवस भांडी घासताना चुरचुरली इतकंच.

संघाची परीक्षा एका मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये असते. पत्र्याचं छप्पर, लांबलचक भिंत, तिच्यापुढे खांब, मागे फळा. आमच्याकडच्या फळ्याचाच थोरला भाऊ. फूटपट्टी टेबलामागे बसले होते. कडक इस्त्री, खिशात पट्टी, पुढ्यात नियमांचं पुस्तक. हे माझ्याबरोबर आले होते. भाऊजी येणार नाही म्हणाले होते, तरी आले आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

फूटपट्टींनी धनुष्य उलटसुलट केलं. पाठीवर नख फिरवत खळग्यात उतरले, वर आले. "वलय अखंड आहे," ते म्हणाले आणि कागदावर खूण केली. दोरी, खाचा, वजन, सगळीकडे खुणा. मग धनुष्य खांबावर चढवलं, कप्पी ओढली.

हॉलमध्ये दहा-बारा जण असतील. कोणीतरी हसलं.

"वरची भुजा रेषेबाहेर," फूटपट्टी म्हणाले. "बाई, नापास."

"बरं," मी म्हटलं. "कागदावर कारण काय लिहिणार?"

"कारण छापलेलंच असतं." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. 'वाक असम' असे दोन शब्द होते, पुढे चौकट, आणि खाली बनवणाऱ्याची सही. "इथे सही करा."

"नाही करणार."

"म्हणजे?"

"धनुष्य फळ्यावर बसत नाही, ते मला दिसतंय. तसं लिहा, लगेच सही करते. पण वाक असम नाही. तुम्ही माझ्याकडून खोट्यावर सही मागताय."

मागून भाऊजींचा दबका आवाज आला, "अगं, आता पुरे कर."

फूटपट्टी म्हणाले, "बाई, पुस्तकात असं नाही."

"पुस्तकात मोजायचं नाही, असंही नसेल." मी पिशवीतून ठोकळा काढून टेबलावर ठेवला.

"हे उपकरण पुस्तकात नाही."

"मग तुमची पट्टी वापरा. तिच्यावर माझा भरवसा आहे."

त्यांना राग आला नव्हता, अडचण झाली होती. शेवटी त्यांनी खिशातली पोलादी पट्टी काढली. वीतभर सरळ लाकूड मागवलं, ते पोटावर आडवं धरून मधली फट आपल्या पट्टीने मोजली. कप्पी सोडून, मग अर्ध्या ताणापर्यंत ओढून. पहिली खूण, दुसरी खूण. खळग्यापाशी आल्यावर गोंधळले, कारण मोकळ्या धनुष्यावर तिथे फट नव्हतीच, मधे उंचवटा आणि दोन बाजू अधांतरी. मी म्हटलं, "तिथे उणे धरा." त्यांनी उणे धरलं. कागदाच्या मागे आकडे मांडले, वजाबाक्या केल्या, एक वजाबाकी परत केली.

"तीन," ते स्वतःशीच म्हणाले. "तीन. तीन. सव्वातीन. तीन. तीन." मग त्यांनी कागद उलटा केला, फळ्याकडे बघितलं, परत धनुष्याकडे. "पण फळ्यावर बसत नाही."

"नाही बसत."

"मी फळ्याविरुद्ध पास करू शकत नाही. माझ्या हातात नाही ते."

"मी पास करा म्हटलंच नाही."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं. मग छापलेल्या 'वाक असम'वर सरळ आडवी रेघ मारली, पट्टी लावून, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: 'वाक सम. फळ्याच्या रेषेत बसत नाही. नापास.' खाली आपली सही केली. मी माझी केली.

"बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच लिहिलं," ते म्हणाले. "तीन वर्षांनी या."

"येईन. हेच घेऊन येईन."

"वापरलेलं धनुष्य परीक्षेला चालतं की नाही..." त्यांनी पुस्तक ओढून पानं उलटली. बरीच उलटली. "लिहिलेलं नाही."

"तीन वर्षं आहेत तुमच्याकडे. लिहून घ्या."

मागे कोणीतरी हसलं, पण या वेळी हसू वेगळं होतं.

घरी येताना दोन तिरंदाज आमच्याबरोबर रस्त्याच्या टोकापर्यंत आले. त्यातल्या एकाने धनुष्य हातात मागितलं, रिकामं ओढलं, हळूच सोडलं, परत ओढलं. भाऊजींना विचारलं, "हे देणार का?" भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळी या."

कारखान्यात शिरल्या शिरल्या त्यांनी शेगडी पेटवली. शिक्क्याचं लोखंड निखाऱ्यात खोचलं.

"आण ते," ते म्हणाले. आवाज मऊ होता, मला वाटतं थोडा कौतुकाचाही होता. "धनुष्य चांगलंय. मी चूक होतो, झालं? माझा शिक्का लावतो, जायला मोकळं. बिनशिक्क्याचं कोणी घेणार नाही."

"नाही घेतलं तर नाही."

"अगं, नापास झालेलं धनुष्य आहे ते! मी त्याला माझं नाव देतोय. कोण देईल?"

"म्हणून तर नको. तुमच्या नावाची नऊ वर्षांची धनुष्यं बाहेर आहेत, तेवढी पुरेत."

लोखंड लाल झालं होतं. ते हातात घेऊन भाऊजी उभे. हे दोरी वळायचं सोडून बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "लोखंड शेगडीत ठेव रे, भुसा पेटेल."

"विकणार नाहीस, शिक्का लावणार नाहीस. मग करणार काय याचं?"

"मारणार. रोज. तीन वर्षं."

"तू? तू कधी बाण मारलायस?"

"नाही."

मी बाणांचा भाता उचलला आणि मागच्या दाराने बोळात गेले. तिथे ह्यांनी बाण तपासायला भुशाचं पोतं टांगलेलं आहे, मधोमध खडूचं वर्तुळ. वीस पावलं मोजली. मागून भाऊजी आले, हेही आले, सासूबाई चष्मा पुसत दारात उभ्या राहिल्या. बाण लावला, ओढला. वरची भुजा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती, खळगा सपाट होत होत सरळ झाला. दोरी गालाला लागली. सोडला.

बाण पोत्याला लागलाच नाही. शेजारच्या भिंतीवर आपटून फरशीवर घरंगळत गेला.

"चुकलं," भाऊजी म्हणाले.

"बाण चुकला भाऊजी. धनुष्य नाही चुकलं," मी म्हटलं, आणि भात्यातून दुसरा काढला.